पुढे चालणाऱ्याची शिकवणी

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईत उन्हाळी मिरचीचा तोडा सुरू झाला की गावाचा दिवस संध्याकाळकडे सरकतो. सकाळपासून शेतात बायांच्या ओळी मिरची तोडत असतात, उन्हे कलली की गोण्या बाजाराकडे निघतात, आणि मग हिरव्या मिरचीच्या ढिगांभोवती शेतकरी, हमाल, आडते, परराज्यांतून आलेले व्यापारी यांचा एकच गलका उठतो. पंचक्रोशीतली मिरची इथे येते आणि ट्रकांत भरून दूरच्या शहरांकडे जाते. जालना जिल्ह्याच्या नकाशावर हे गाव शोधायला बोट फिरवावे लागते; मिरचीच्या व्यापाऱ्याला मात्र ते पाठ असते.

मिरची हे मोठे लहरी पीक. गेल्या साली ज्या वाणाने हातात पैसा दिला, तोच यंदा कोकड्याने आकसून जातो. फुलकिडे आणि पांढरी माशी आवरेपर्यंत भाव उतरलेला असतो. मल्चिंगचा कागद, ठिबक, ट्रेमधली रोपे, फवारणीचे नवे वेळापत्रक असे दर दोन-चार वर्षांनी काहीतरी नवे शिकावे लागते. अशा गावात प्रत्येक शिवारात एखादा असा शेतकरी असतोच, की ज्याच्या बांधावर बाकीचे जाऊन उभे राहतात. त्याच्याकडे पद नसते, गाडीवर पाटी नसते. ‘यंदा काय लावतोस?’ एवढेच लोक त्याला विचारतात. आणि गंमत अशी, की तो पाच वर्षांपूर्वीचेच उत्तर देऊ लागला, तर कोणी त्याच्याशी भांडत नाही; लोक फक्त दुसऱ्याच्या बांधावर जाऊ लागतात.

नेतृत्वाविषयी जगभर लिहिल्या गेलेल्या पुस्तकांचा ढीग मिरचीच्या ढिगाहून मोठा भरेल. पण त्यातला एक जुना आणि भरवशाचा धागा शेतातच सापडतो. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्याचा प्रसार कसा झाला, हे २५९ शेतकऱ्यांना विचारून शोधले. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले, की बियाण्याची बातमी विक्रेत्याने आणली, पण खात्री शेजाऱ्याने दिली. बियाणे उत्तम होते, तरीही ऐकणे आणि सगळ्या रानात पेरणे यांत कित्येक वर्षे गेली. पुढे एव्हरेट रॉजर्स यांनी असे अनेक अभ्यास एकत्र मांडले तेव्हा आणखी एक बाब पुढे आली. गावात सर्वांत आधी नवे करणारा माणूस बहुधा गावाचा मार्गदर्शक नसतो. त्याला लोक थोडा वेडाच समजतात. लोक ज्याचे ऐकतात, तो त्यांच्यापेक्षा थोडासाच पुढे असतो. दोन पावले पुढे असलेल्याच्या मागे माणसे जातात, वीस पावले पुढे गेलेल्याकडे नुसते बघतात.

मराठीतले शब्दही हेच सांगतात. ‘नेता’ हा संस्कृतातल्या ‘नी’ या धातूपासून आलेला. नेणारा तो नेता. ‘पुढारी’ तर सरळ ‘पुढे’मधून निघालेला. दोन्ही शब्दांत चाल आहे, खुर्ची नाही. आता ‘मोठा पुढारी लागून गेलास की’ असे आपण टोमणा म्हणून बोलतो, तो भाग वेगळा. तो टोमणाही बहुधा चालणे थांबवून बसलेल्यांनीच त्या शब्दाच्या वाट्याला आणला असावा.

पुढारी जन्मावा लागतो की घडवता येतो, हा वाद जुना आहे. थॉमस कार्लाइल यांनी १८४० साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत इतिहास म्हणजे थोर पुरुषांची चरित्रे, असा विचार मांडला आणि तो पुढे बरीच वर्षे टिकला. मग १९४८ साली राल्फ स्टॉगडिल या मानसशास्त्रज्ञाने तोवर झालेले १२४ अभ्यास चाळून सांगितले, की ठराविक गुणांची यादी कोणाला पुढारी करत नाही. एका प्रसंगात पुढे आलेला माणूस दुसऱ्या प्रसंगात मागेच राहू शकतो. अलीकडे, २००६ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या जुळ्या भावांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळी जनुके सारखी असलेले जुळे आणि तशी नसलेले जुळे यांची तुलना करून संशोधकांनी अनुमान काढले, की कामाच्या ठिकाणी नेतृत्वाच्या जागा मिळण्यात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण ३० टक्के वाटा आनुवंशिक असतो. म्हणजे कार्लाइल यांचे रुपयातले पाच आणे खरे होते. उरलेले अकरा आणे कुठून येतात, हा खरा प्रश्न. आणि त्याच्या शोधाची सुरुवात मराठवाड्यातूनच करता येते.

पिंपळगाव रेणुकाई हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. जालना जिल्हा तर १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होते. निजामी राज्यात सभा घ्यायची तर परवानगी लागे, आणि राजकारण या शब्दालाच बंदी असल्यासारखी स्थिती होती. म्हणून मराठी भाषकांनी १९३७ साली ‘महाराष्ट्र परिषद’ नावाने पहिले अधिवेशन भरवले, ते आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरला. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. शिक्षण, नागरी हक्क असे विषय पुढे ठेवून हळूच लोकांना बोलायला शिकवायचे, असा तो काळ होता. त्या काळात एक शिक्षक पुढारी होत गेला. ते स्वामी रामानंद तीर्थ.

व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे त्यांचे मूळ नाव, जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा. तरुणपणी त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले. मग ते मराठवाड्यात आले आणि हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवू लागले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला. पुढे १९३५ पासून मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी शाळेत ते रमले. येथवरचे चरित्र एखाद्या निष्ठावान गुरुजींचे आहे. त्यांनी तिथेच आयुष्य काढले असते, तरी त्यांचे विद्यार्थी आजही त्यांचे नाव काढत राहिले असते.

१९३८ साली त्यांनी शाळा सोडली आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कामात उडी घेतली. ही संघटना नीट उभी राहण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली होती. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला, स्वामीजी तुरुंगात गेले. आणि दोनच महिन्यांनी, डिसेंबरअखेर, गांधीजींच्या सल्ल्याने तो सत्याग्रह थांबवावा लागला. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचाही सत्याग्रह त्या राज्यात चालू होता; नागरी हक्कांच्या लढ्याला धार्मिक भांडणाचा रंग चढेल, ही भीती होती. ऐन भरात आलेली चळवळ मागे घेणे तरुण कार्यकर्त्यांना कसे वाटले असेल, हे सांगायला नको. बंदी उठायला १९४६ साल उजाडावे लागले. मधली आठ वर्षे बंदी घातलेल्या संघटनेचे काम करायचे म्हणजे काय, तर खेड्यात जायचे, महाराष्ट्र परिषदेच्या आडोशाने बैठका घ्यायच्या, माणसे जोडायची, पुन्हा तुरुंगात जायचे.

स्वामीजींच्या घडणीतला महत्त्वाचा भाग हाच, की या आठ वर्षांत ते वेगळ्या मताच्या माणसांबरोबर काम करायला शिकले. स्वतः गांधीवादी, भगव्या वस्त्रांतले संन्यासी. आणि त्यांच्या सर्वांत जवळच्या सहकाऱ्यांत डाव्या विचारांचे गोविंदभाई श्रॉफ. संघटनेतल्या मवाळ गटाशी त्यांचे पटत नसे, तेही लपलेले नव्हते. शाळेतल्या गुरुजीला वर्गात विरोधी मत सहन करावे लागत नाही. छडी हातात असते. संघटनेत छडी नसते. १९४७ च्या जूनमध्ये, बंदी उठल्यानंतरच्या पहिल्या अधिवेशनात अध्यक्ष म्हणून त्यांनी भारतात विलीनीकरणाची मागणी मांडली, तोवर मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांचे लोक त्यांना आपला माणूस मानत होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंगा फडकवला म्हणून ते पकडले गेले, मग सुटले, जानेवारीत पुन्हा पकडले गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या फौजा शरण आल्या, तेव्हा लढ्याचा हा नेता तुरुंगातून बाहेर येत होता. त्याच्या गैरहजेरीत लढा थांबला नव्हता, ही त्याच्या नेतृत्वाची बाजू चरित्रांत थोडी मागे पडते.

पुढे ते दोनदा लोकसभेत गेले. १९५२ साली गुलबर्ग्यातून आणि १९५७ साली औरंगाबादेतून. भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हावेत, या मताचे ते होते. ज्या राज्याचे आपण नेते, ते राज्यच नकाशावरून पुसले जावे असे म्हणणारा पुढारी विरळा. नंतरच्या काळात त्यांनी सत्तेच्या राजकारणापासून अंग काढले आणि खादी व ग्रामीण शिक्षणाच्या कामाकडे वळले. २२ जानेवारी १९७२ ला ते गेले. शिक्षक, संन्यासी, सत्याग्रही, अध्यक्ष, खासदार आणि पुन्हा शिक्षक, असा हा प्रवास. आणि प्रत्येक वळणावर आधीच्या भूमिकेतली एखादी सवय सोडावी लागलेली.

हा झाला मोठ्या माणसाचा दाखला. वाचक म्हणेल, आम्हाला रोज जो पुढारी भेटतो तो ग्रामपंचायतीतला. त्याचे काय?

मग नगरकडे वळावे लागते. हिवरे बाजार या गावाची कथा आता पाठ्यपुस्तकी झाली आहे, आणि पाठ्यपुस्तकी झालेल्या गोष्टीचे एक नुकसान होते: तिच्यातल्या अडचणी गळून पडतात. अहमदनगरजवळचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळचे, हे गाव पर्जन्यछायेतले. पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली. माणसे मजुरीला बाहेर गेली, मागे दारूच्या भट्ट्या वाढल्या. सरकारी नोकर बदली होऊन इथे आला की ती शिक्षा समजली जाई. १९८९ साली गावातल्या तरुणांनी पोपटराव पवारांना सरपंच व्हायला लावले. ते वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर, गावात एवढे शिकलेले तेच. घरच्यांची आणि त्यांची स्वतःची ओढ क्रिकेटकडे होती. खेळाडूला गावगाड्यात काय कळणार, असे कोणी म्हटले असते तर ते चूक ठरले नसते.

नव्या सरपंचाने सुरुवात शाळेपासून केली, पाण्यापासून नव्हे. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. शाळेच्या खोल्या, त्यासाठी श्रमदान, मग दारूचे गुत्ते बंद करणे. २२ गुत्ते होते असे सांगतात. ते नुसते बंद करून चालणार नव्हते, गुत्तेवाल्याला दुसरा धंदा लागणार. म्हणून बँकेच्या कर्जाची खटपट. शेजारच्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी केलेले काम समोर होते. त्यावरून नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने उचलली. १९९४ मध्ये राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत हिवरे बाजारची निवड झाली आणि डोंगरउतारावर समतल चर, माती-दगडाचे बांध, झाडे अशी पाणलोटाची कामे जोरात सुरू झाली. विहिरींना पाणी आले, चारा वाढला, दुधाचा रतीब वाढला. बाहेर गेलेली कुटुंबे परतू लागली.

इथे बहुतेक लेख संपतात. खरी गोष्ट मात्र इथून पुढे आहे. पाणी आले की पाणी खाणारे पीकही येते. ज्या गावांनी पाणी अडवले, त्यांतल्या पुष्कळ गावांनी पाच-सात वर्षांत ते उसाला आणि बोअरला घालवले. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, ऊस-केळी लावायची नाही, असे ठरवले. आणि मग पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली: किती पाऊस पडला, किती मुरला, पिण्याला किती, जनावरांना किती, उरलेल्यात रब्बीचे कोणते पीक बसते. पाऊस कमी झाला तर गहू नाही. हे गणित ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडले जाते. पाणी अडवणे ही कामगिरी आहे आणि ती फीत कापून साजरी करता येते. ‘यंदा गहू नाही’ हे शेजाऱ्याला सांगणे हे वेगळेच कौशल्य. त्याला टाळ्या पडत नाहीत. चर खणवून घेणारा सरपंच आणि ताळेबंद मांडणारा सरपंच हा एकच माणूस असला, तरी त्याला मधल्या दहा-बारा वर्षांत नवे शिकावे लागले. कंत्राटदारासारखी धडाडी आणि हिशेबनिसासारखी चिकाटी एकाच अंगात जन्मजात येत नाही.

असे नवे शिकता आले नाही तर काय होते, हेही शोधले गेले आहे. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायनातल्या ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ या संस्थेतले मॉर्गन मॅकॉल आणि मायकेल लोंबार्डो यांनी १९८३ साली एक वेगळाच अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या कंपन्यांत वरपर्यंत पोहोचलेले २० अधिकारी आणि वर चढता चढता घसरलेले २१ अधिकारी यांची त्यांनी तुलना केली. घसरलेले काही मठ्ठ नव्हते. उलट आधीची बरीच वर्षे तेही चमकलेले होते. त्यांना नडले ते बहुधा त्यांना वर आणणारे गुण. एकट्याने सगळे तडीस नेणाऱ्याला पुढे हाताखालच्यांवर काम सोपवता येईना. ठासून बोलणारा पुढे सहकाऱ्यांना तुसडा वाटू लागला. घसरणीच्या कारणांत सगळ्यांत वरचे कारण हेच होते: दुसऱ्याची कदर नसणे. आपल्याकडच्या सहकारी सोसायट्या, दूध संघ, शिक्षण संस्था यांच्या कहाण्या ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना हे वाचून अमेरिका फार लांब वाटणार नाही. दुष्काळात ज्याने एकहाती संस्था वाचवली, त्यानेच पुढे पंचवीस वर्षे एकहाती चालवून ती बुडवली, असे दाखले प्रत्येक तालुक्यात निघतील. नावे घेण्यात अर्थ नाही.

आता पुन्हा जालना जिल्ह्यात. जालना तालुक्यातले कडवंची हे गाव द्राक्षांसाठी ओळखले जाते. पण १९९६ साली त्याची ओळख सांगण्यासारखी नव्हती. त्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात हे गाव आले. विजयअण्णा बोराडे यांची मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही संस्था आणि तिचे खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र या कामामागे होते. बांधबंदिस्ती, चर, नालाबांध अशी कामे माथ्यापासून पायथ्यापर्यंत झाली, मग शेततळी, ठिबक आणि द्राक्षबागा आल्या. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार, १९९६ साली कुटुंबाचे वर्षाचे सरासरी उत्पन्न ४० हजार रुपये होते, ते २०१२ साली ३ लाख २१ हजारांवर गेले. महागाई वजा केली तरी ही उडी मोठीच.

कडवंचीची गंमत अशी, की तिथे हिवरे बाजारसारखा एकच ठळक चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. पुढारपण वाटले गेलेले आहे. छाटणी कोणाची बघायची, फवारणी कोणाला विचारायची, तळ्याचा कागद कोणाचा टिकला, हे वेगवेगळ्या माणसांकडे. त्यामागे एक कंटाळवाणी वाटेल अशी सवय आहे. खरपुडीच्या केंद्रात दर महिन्याच्या ५ तारखेला शेतकऱ्यांचे चर्चासत्र भरते. महिन्यामागून महिने, वर्षामागून वर्षे. तिथे येणारा शेतकरी एका महिन्यात विचारणारा असतो, दुसऱ्या महिन्यात सांगणारा. एखाद्या मोठ्या भाषणाने माणूस बदलतो यावर ज्यांचा विश्वास आहे, त्यांनी या ५ तारखेकडे जरा निरखून पाहावे. ठरलेल्या दिवशी पुन्हा येऊन बसण्याला भाषणाची झिंग नसते, पण रान त्यानेच बदलते.

शेततळ्यांबद्दल मात्र एक काटा सांगायलाच हवा. प्लास्टिकचा कागद अंथरलेले तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरायचे, अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात महाराष्ट्रात अनेक ठिकाणी विहिरीचे पाणी उपसून ती भरली जातात. म्हणजे सगळ्यांचे भूजल एकाच्या कुंपणात जाते. तळे खणायला शिकवणाऱ्या पिढीला आता तळे कधी भरू नये, हेही शिकवावे लागणार आहे. कालचे उत्तर आजचा प्रश्न होऊन बसते, आणि ते कबूल करायला पहिल्या वेळी लागला त्याहून जास्त धीर लागतो.

गावच्या नेतृत्वाच्या गोष्टीत बायका उशिरा येतात, कारण त्यांना उशिरा येऊ दिले गेले. तरीही महाराष्ट्रात कायद्याच्या आधी चळवळ आली. शेतकरी संघटनेचे १९८६ साली चांदवडला महिला अधिवेशन झाले, आणि त्या वाऱ्यात जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला १९८९ मध्ये सगळ्या बायकांची ग्रामपंचायत निवडून आली. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायतींत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्यावर नेल्या. सुरुवातीला सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा. ‘सरपंचपती’ हा शब्द मराठीत त्याच काळात रुळला आणि अजून पुरता हटलेला नाही.

पण घटनादुरुस्तीच्या त्याच वर्षी मराठवाड्यात आणखी एक घडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला, हजारो माणसे गेली. मोडलेली घरे दुरुस्त करण्याच्या सरकारी कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद साहाय्यक’ म्हणून उभे केले. घराला मजबुती कशी द्यायची, हप्ता कधी मिळतो, सिमेंट किती लागते, अभियंत्याला काय विचारायचे, हे त्या शिकल्या आणि घरोघर सांगू लागल्या. ज्या बायका चावडीसमोरून पदर ओढून खालमानेने जात, त्या साहेबाला मापे विचारू लागल्या. घरांचे काम संपल्यावर त्या घरी बसल्या नाहीत. बचत गट, पाणी, आरोग्य अशी पुढची कामे त्यांनी हाती घेतली. इथे कोणी त्यांना नेतृत्वाचे प्रशिक्षण दिले नव्हते. त्यांना एक खरे काम दिले होते, आणि ते चुकले तर कोणाच्या तरी डोक्यावर छप्पर पडणार होते.

राखीव जागांनी काय साधले, यावर पश्चिम बंगालमध्ये बारकाईने अभ्यास झाले. तिथे कोणत्या पंचायतीचे प्रमुखपद बाईसाठी राखीव, हे सोडतीसारखे ठरत असल्याने तुलना सोपी होती. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि पुढे नोबेल मिळालेल्या एस्तेर डुफ्लो यांना २००४ साली आढळले, की तिथल्या महिला प्रमुखांनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला. नंतरच्या अभ्यासात आणखी रंजक बाब दिसली: पहिल्यांदा बाई प्रमुख झाली तेव्हा गावकऱ्यांनी तिच्या कामाला हातचे राखून गुण दिले, दुसऱ्यांदा आरक्षण आले तोवर तो आकस कमी झाला होता. २०१२ साली तर असे दिसले, की दोनदा बाईने कारभार केलेल्या गावांत आईबाप मुलासाठी आणि मुलीसाठी जी स्वप्ने पाहतात, त्यांतले अंतर कमी झाले आहे. पुढारी वाढतो म्हणतात तेव्हा नजर त्या एका माणसावर असते. इथे मोजले गेले ते गावाचे वाढणे.

आपल्या कायद्याने या वाढीला वेळ किती द्यावा, हा प्रश्नच आहे. सरपंचपदाचे आरक्षण फिरते असते. कारभार हातात बसेपर्यंत दोन वर्षे जातात, वित्त आयोगाचा निधी, ऑनलाइन आराखडे, ग्रामसेवकाची भाषा कळेपर्यंत तिसरे, आणि पाचव्या वर्षी पाळी दुसऱ्या वर्गाकडे. शिवाय सरपंच थेट लोकांनी निवडायचा की सदस्यांनी, हे राज्याने २०१७, २०२० आणि २०२२ अशा तीन वेळा बदलले. एका शिकाऊ ड्रायव्हरला तीनदा वेगळी गाडी द्यावी, तसे झाले. तरीही फिरत्या पाळीची एक मिळकत आहे, आणि ती कोणी फारशी बोलून दाखवत नाही: गावात ‘माजी’ पुष्कळ होतात. ज्यांना ग्रामपंचायतीचा ठराव कसा लिहितात आणि अंदाजपत्रकात पाणी कुठे मुरते हे ठाऊक आहे, अशी दहा-बारा माणसे ओट्यावर बसलेली असणे नव्या सरपंचाला जड जाते, पण गावाला बरे असते.

पद सोडल्यावर माणसाचे काय होते, याचे दोन दाखले २०२१ च्या जानेवारीतल्या ग्रामपंचायत निवडणुकांनी एकाच आठवड्यात दिले. औरंगाबादजवळच्या पाटोद्याचे भास्करराव पेरे पाटील हे राज्यभर गाजलेले सरपंच. कर वेळेवर भरणाऱ्या घराला वर्षभर दळण फुकट, ही त्यांची युक्ती पुष्कळ गावांनी उचलली. त्या वर्षी त्यांची कन्या निवडणुकीला उभी होती. ती पराभूत झाली. दूरचित्रवाणीवर त्याची बातमी झाली ती ‘पेरे पाटलांना धक्का’ अशी. धक्का कसला? पंचवीस वर्षे गावकऱ्यांना हिशेब विचारायला शिकवले, तर ते एक दिवस आपल्यालाही विचारणारच. पेरे पाटलांची गावोगावची व्याख्याने त्यानंतरही चालू राहिली.

त्याच आठवड्यात हिवरे बाजारातही तीस वर्षांनी मतदान झाले. तोवर प्रत्येक निवडणूक बिनविरोध होई. पवारांना त्याआधीच्या वर्षी पद्मश्री जाहीर झालेली. राज्याच्या आदर्श गाव समितीचे काम त्यांच्याकडे. सरपंचपद केव्हाच दुसऱ्याकडे गेलेले. मधल्या काळात गावात एक पिढी अशी मोठी झाली होती, जिने दुष्काळ आणि गुत्ते फक्त ऐकले होते आणि आपल्याच गावच्या ग्रामपंचायतीसाठी बोटाला शाई कधी लावून घेतली नव्हती. मतमोजणीत सातही जागा पवारांच्या गटाला मिळाल्या. पण गावात वेगळे मत असलेले किती जण आहेत, हा आकडा त्या दिवशी तीस वर्षांत पहिल्यांदा कागदावर आला.